मुरलेले सेल

बापूंनी गच्चीवर उकिडवं बसून एकेक सेल अर्धा वळवला आणि त्याची दुसरी बाजू उन्हाला दिली. जुन्या चादरीच्या अर्ध्या भागात त्यांच्या बायकोचे, नंदाचे, कोहळ्याचे सांडगे होते, उरलेल्या अर्ध्यात टेपरेकॉर्डरचे सहा जाडे सेल. कावळ्यांसाठी काठीला बांधलेली काळी चिंधी दोघांचीही राखण करत होती.

"झाले का तळायला?" नंदाने जिन्यातूनच विचारलं.

"मजाक नको करूस. अजून थोडं ऊन लागू दे. आतून गरम व्हायला पाहिजेत."

"टावर चौकात ढिगाने नवे मिळतात. स्कूटरवर जाऊन या की. परदेशात जायची कॅसेट आहे, एवढी काय कंजूसी?"

"कंजूसी नाही गं बाई. नवे सेल कच्चे असतात. आवाज बोचतो त्यांच्यावर. रेकॉर्डिंगला मुरलेले सेल पाहिजेत."

"लोणचं आहे का ते मुरायला?"

बापूंनी पुढचा सेल वळवला. रेकॉर्डिंगच्या बाबतीत घरातल्या कोणाशीही वाद घालायचा नाही, असं त्यांनी फार पूर्वीच ठरवलं होतं. बँकेची नोकरी ते पोटासाठी करत आणि टेपरेकॉर्डर बाकी सगळ्यासाठी. राम घाटावरची आरती, गणेशोत्सवातली नाटकं, माधव नगरातल्या झाडून सगळ्या मुंजींची मंगलाष्टकं त्यांच्या कपाटात कॅसेटांमध्ये भरून ठेवलेली होती. एका कॅसेटवर तर नुसतं 'कोकिळा, आपल्या कडुलिंबावरची' असं लिहिलेलं होतं. लाइटवर रेकॉर्डिंग केलं की मागे एक घूं असा आवाज राहतो, म्हणून ते काम ते नेहमी सेलवरच करत. त्या दिवशी तर लाइट सकाळपासूनच गेलेली होती, त्यामुळे त्यांना विजयी झाल्यासारखं वाटत होतं.

खाली पुढच्या खोलीत त्यांच्या वहिनी, सुलभाताई, पेटीसमोर बसल्या होत्या. पेटीचा भाता अजून बंदच होता.

खोलीचा त्या दिवशी बापूंनी स्टुडिओ केला होता. खिडक्यांवर हिवाळ्यातल्या रजया टांगल्या होत्या, दाराच्या फटीत सतरंजी कोंबली होती, आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडवरून एक माइक रुमालात गुंडाळून खाली सोडला होता. बाहेर वैशाख तापला होता. आत चार माणसं भाकरीसारखी शेकत बसणार होती.

कारण तसंच होतं. सुलभाताईंची जयू मस्कतमध्ये बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तिला विमानात बसू दिलं नाही. सुलभाताईंनी तिकडे जायचं ठरवलं, तर त्यांचा पासपोर्ट भोपाळहून निघतच नव्हता. मुलगी झाली. बारसं येत्या शुक्रवारी, कारण तिकडे सुट्टी शुक्रवारची. जयूने फोनवर एकच गोष्ट मागितली होती.

"आई, आपला पाळणा पाठव. तुझ्या आवाजात."

'आपला पाळणा' म्हणजे त्या घराण्याचाच पाळणा. शिंद्यांच्या दरबारी कारकुनी करायला आलेल्या कोण्या पूर्वजाच्या बायकोने तो रचला, असं सांगत. पुण्याकडच्या पाळण्यांत असतं तसं त्यात काही नव्हतं. त्यात शिप्रा होती, गोपाळ मंदिर होतं, माळव्यातली काळी माती होती. पुढे घरात मूल जन्मलं की शेवटचं कडवं नव्याने जोडायचं. तो कुठे लिहिलेला नव्हता. सासूने सुनेला शिकवायचा आणि बारशाला आजीने म्हणायचा, एवढाच त्याचा पत्ता. चाल आता फक्त सुलभाताईंना येत होती.

"नंदा म्हणेल," सुलभाताई म्हणाल्या. "मी पेटी धरते. मागून एकेक ओळ सांगते."

"मी?" नंदा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली होती. "ताई, मी म्हटलं तर ती पोर नाव ठेवायच्या आधीच पाळण्यातून उडी मारेल."

"मला नाही जमणार गं."

"का नाही जमणार?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे सुलभाताईंचे यजमान. ते कोपऱ्यात खुर्चीवर बसून पंख्याने वारा घेत होते. बोलताना त्यांनी पंखा थांबवला, कारण बापूंनी आधीच ताकीद दिली होती की पंख्याचा आवाज येतो.

सुलभाताईंनी भाता उघडला. उजवा हात सवयीने वरच्या काळी चारवर गेला. लग्न होऊन उज्जैनला आल्या तेव्हापासून त्यांची पट्टी काळी चार. समाजाच्या सभागृहात त्या गायला बसल्या की पेटीवाला न विचारता काळी चारचा सूर धरायचा. पण पन्नाशीनंतर आवाज हळूहळू खाली बसला, जाड झाला. मागच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या काळी दोनवरून गायल्या, तेव्हा पन्हं पिता पिता कोणीतरी हसून म्हणालं होतं, "सुलभाताई, तुम्ही तर आता भाऊजींच्या पट्टीत आलात!" सगळ्या हसल्या. सुलभाताईही हसल्या. त्यानंतर त्यांनी पेटी वाजवली, पण तोंड उघडलं नाही.

त्यांचं बोट काळी चारवर थोडा वेळ राहिलं आणि मग खाली उतरून काळी दोनवर गेलं.

"हा असा आवाज," त्या म्हणाल्या. "तिकडे विहीणबाई असतील, त्यांच्या बहिणी असतील, जावईबापूंचे साहेबलोक असतील. सगळ्यांसमोर तो वाजणार. पोरीला लाज वाटेल."

"जयूने नंदाचा आवाज मागितला नाही," अण्णा म्हणाले आणि पुन्हा पंखा हलवू लागले.

"पंखा!" बापू दारातून ओरडले. सेल त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणले होते, गरम बटाटे आणावेत तसे.

संध्याकाळच्या गाडीने इंदूरचे एक गृहस्थ मुंबईला आणि तिथून मस्कतला निघाले होते. गाडी उज्जैनला थांबली की त्यांच्या हातात कॅसेट आणि डिंकाच्या लाडवांचा डबा द्यायचा होता. त्यानंतर बारशाआधी तिकडे जाणारं ओळखीचं कोणी नव्हतं. जे व्हायचं ते आत्ताच, या शेकोटीत.

बापूंनी सेल बसवले, कॅसेट घातली, लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं आणि हवेत हात उंचावला.

सुलभाताईंनी नुसता सूर धरला. मग डोळे मिटले.

शिप्रेच्या पाण्यात चांदणं न्हालं,
आमुच्या अंगणी पाहुणं आलं, जो जो रे…

"आलू ले लो, भिंडी ले लो, ताज्जी लौकी!"

ठेलेवाला बरोबर खिडकीखाली उभा होता. बापूंनी बटण दाबलं आणि रजईचं टोक उचलून तोंड बाहेर काढलं.

"अरे भैया, आगे जाओ ना! इधर रेकॉर्डिंग चल रही है!"

"कौन से टीवी की?" ठेलेवाल्याने आदराने विचारलं.

नंदा तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. सुलभाताईंना हसू आवरेना, आणि एकदा हसल्यावर त्यांचे खांदे सैल झाले.

दुसऱ्या वेळी पाळणा चांगला तिसऱ्या कडव्यापर्यंत गेला आणि अण्णा शिंकले. अण्णांची शिंक कधी एकटी येत नसे.

"मी बाहेर बसतो," ते ओशाळून म्हणाले.

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही बसा. समोर बसा."

बापूंनी फीत मागे घेतली, पण बटणाने नाही. सेल खर्च होऊ नयेत म्हणून कॅसेट बाहेर काढून तिच्या दातेरी चाकात पेन्सिल घातली आणि ती गरागरा फिरवली. तेवढ्या वेळात सुलभाताईंनी नंदाला शेवटच्या कडव्याची गोष्ट समजावून सांगितली.

"नाव तर आपल्याला माहीत नाही. ते बारशालाच कळणार. म्हणून मी 'लेकीचं नाव गं' म्हणून थांबणार आहे. एवढी जागा मोकळी. तिथे सगळ्यांनी मिळून नाव घ्यायचं, मग मी पुढे जाईन. तसं जयूला कळावं म्हणून लाडवाच्या डब्यात चिठ्ठी टाक."

"आणि नाव लांबलचक असलं तर?"

"म्हणून तर भरपूर जागा ठेवणार आहे."

तिसऱ्या वेळी काहीच मधे आलं नाही. ठेलेवाला पुढच्या गल्लीत गेला होता, शेजारचा कुकर गप्प होता. सुलभाताई गात राहिल्या. काळी दोनवरून, सावकाश. पहिली दोन कडवी जपून, चाचपत. पुढे त्या जपायचं विसरल्या. गोपाळ मंदिराची नौबत आली, काळ्या मातीतलं कापूस वेचणं आलं, आत्याचं कडवं आलं, मामाचं आलं. अण्णा समोर बसून गुडघ्यावर आवाज न करता ताल धरत होते. नंदाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिने तो पुसला नाही. बापूंची नजर टेपवर होती. टेपवरचा छोटा लाल दिवा जरा मंद झाल्यासारखा त्यांना वाटला, पण डोळ्यांत घाम गेल्यामुळे तसं दिसत असेल, असं त्यांनी धरलं.

"लेकीचं नाव गं…" असं म्हणून सुलभाताई थांबल्या. पेटीचा सूर तेवढा राहिला. त्या रिकाम्या जागेत चौघंही श्वास धरून बसले. मग त्यांनी शेवटची ओळ म्हटली आणि भाता मिटला.

"ओके!" बापू म्हणाले. "एकदम रेडिओ!"

त्यांनी पेन्सिलीने थोडीशीच फीत मागे घेतली आणि शेवटचं कडवं वाजवून दाखवलं. आवाज जाड होता, खालचा होता, पण स्वच्छ होता. मागे घूं नव्हतं. जसं गायलं होतं तसंच ऐकू येत होतं.

"बस, बस," सुलभाताई म्हणाल्या. "पुरे. सगळं नका वाजवू."

बापूंनी कॅसेटची मागची दोन्ही पाती मोडून टाकली, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये. संध्याकाळी दोघं भाऊ स्कूटरवरून स्टेशनला गेले आणि गाडीच्या खिडकीतून डबा आणि कॅसेट त्या गृहस्थांच्या हातात देऊन आले.

गाडी गेल्यावर सुलभाताईंना चैन पडेना. भाजी निवडताना त्या मधेच म्हणत, "पहिलं कडवं जरा वर घ्यायला हवं होतं का हो?" अण्णा म्हणत, "गाडी रतलामच्या पुढे गेली." दुसऱ्या दिवशी तेच विचारलं तर अण्णा म्हणाले, "आता मुंबईत." बुधवारी त्या नुसत्याच आभाळाकडे पाहत उभ्या राहिल्या. अण्णाही शेजारी येऊन वर पाहू लागले.

शुक्रवारी दुपारी चौघंही फ्रीगंजला टावर चौकातल्या पीसीओवर गेली. घरी फोन होता, पण त्याच्यावर परदेशची लाइन लागत नसे. पीसीओची काचेची केबिन एका माणसाची होती. तिच्यात आधी सुलभाताई, त्यांच्यामागे अण्णा, मग आपली अर्धी बाजू आत घालून बापू, असे मावले. नंदाने दार उघडं धरलं, नाहीतर आतले सगळे उकडून निघाले असते. बाहेर रांगेत दोन कॉलेजची पोरं, एक कापडाचा व्यापारी आणि पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या.

"मस्कत लग गया, माताजी," पीसीओवाला म्हणाला. "बोलिए."

"हॅलो? जयू? झालं का गं बारसं? नाव काय ठेवलं?"

"देवश्री!" पलीकडून जयू ओरडली. मागे बायकांचा गलका होता आणि त्याच्याही मागे एक बारीक रडं. "आई, पण काय झालं माहितीये का? तुझ्या पाळण्यात तेवढी जागाच नव्हती!"

"म्हणजे?"

"अगं, तू 'लेकीचं नाव गं' म्हणालीस आणि आम्ही सगळ्यांनी 'देव' म्हणेपर्यंत तू पुढे निघून पण गेलीस! 'श्री' राहिलीच. सगळे इतके हसले! तुझा जावई म्हणतो, अर्धंच नाव ठेवलंय, उरलेलं पुढच्या वर्षी."

"असं कसं? मी तर चांगली थांबले होते."

"आणि आई, ती शेवटी गातेय ती मुलगी कोण?"

सुलभाताईंनी वळून अण्णांकडे पाहिलं. "कुठली मुलगी?"

"सुरुवातीला तू आहेस. मग मधेच कुठेतरी बदलत जातं. शेवटी तर कोणी वीस-बावीस वर्षांची मुलगी गातेय. सासूबाईंच्या बहिणी सारख्या विचारतायत, तुमच्या माहेरी एवढा गोड गळा कोणाचा. थांब, ऐकवते."

पलीकडे खटखट झालं. मग समुद्रापलीकडून, तारेतून, आधी पेटीचा सूर आला आणि मग आवाज. पातळ, चढा, झुळझुळीत. पाळणा कसला, झिम्म्याला उभी राहिलेली पोर जणू. मामाचं कडवं ती पोर एका दमात म्हणून गेली.

सुलभाताईंनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला. त्यामुळे अण्णांनाही ऐकू आलं. अण्णांनी चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"काळी चार," ते म्हणाले.

ही मुलगी सुलभाताईंच्या चांगल्या ओळखीची होती. हिला त्यांनी सासूसमोर पहिल्यांदा हा पाळणा म्हणताना पाहिलं होतं, पदर सावरत, चुकत, जीभ चावत. ती कुठे गेली असेल असा विचारही त्यांनी हल्ली सोडून दिला होता. आणि ती मस्कतमध्ये गात होती.

बापूंनी मात्र कपाळावर हात मारला.

"सेल!" ते म्हणाले. "वहिनी, सेल बसत गेले! सेल बसले की मोटर मंद फिरते, फीत सावकाश जाते. आपण सावकाश भरलं आणि तिकडे ते लाइटवर पूर्ण स्पीडने वाजतंय. म्हणून आवाज चढत गेला."

"पण त्या दिवशी तुम्ही वाजवून दाखवलंत तेव्हा तर बरोबर होतं," नंदा दारातून म्हणाली.

"तेव्हा वाजवलं ते पण त्याच मेलेल्या सेलवर ना!"

"तरी म्हटलं नवे घ्या. मुरलेले पाहिजेत म्हणे. पार कुजले होते!"

"अंकल, कितना टाइम?" रांगेतल्या एका पोराने विचारलं.

"अरे बेटा, नातिन हुई है, नातिन!" बापू म्हणाले. पोराने हात जोडले आणि आपल्या मित्राला काहीतरी सांगितलं.

सुलभाताईंनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर एक चोरटं हसू आलं होतं.

"काही सांगू नका कोणाला सेलबिल," त्या हळूच म्हणाल्या. "असू दे. तिकडे मीच आहे ना ती?"

"अगदी तूच आहेस," अण्णा म्हणाले.

"हॅलो, आई? ऐकलंस?"

"ऐकलं गं. मीच आहे ती. विहीणबाईंना सांग, मीच."

"अगं पण एक गंमत सांगू? ही बुधवारपासून ह्या कॅसेटशिवाय झोपत नाही."

"बघा!" सुलभाताई अण्णांना म्हणाल्या. "आवडला तिला."

"पण कुठवर, ते ऐक. पहिल्या दोन कडव्यांवर. तो जाड आवाज लागला ना, की ही गप्प होते. दुसऱ्याला डोळे मिटायला लागतात. आणि तिसऱ्याला आवाज चढायला लागला रे लागला, की टक्क जागी! म्हणून सासूबाई टेपजवळच बसतात. दुसरं कडवं संपलं की लगेच मागे घेतात. पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस झाले, आम्ही कोणी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. आज बारशाला पहिल्यांदा पूर्ण वाजवली."

सुलभाताईंनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला. बापू सेलबद्दल अजून काही सांगू पाहत होते, नंदाने त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

पलीकडचं रडं आता जवळ आलं होतं. जयूने बाळाला उचलून घेतलं असावं.

"आज फार किरकिर करतेय. सगळ्यांनी हातात घेऊन घेऊन कंटाळली आहे. आई, तू म्हण ना. आत्ता. मी तिच्या कानाला लावते."

"इथे? वेडी आहेस का? पेटी नाही काही नाही. बाहेर लोक उभे आहेत."

"दोनच कडवी. पण ती पहिल्यासारखी हं, शेवटच्यासारखी नको."

सुलभाताईंनी काचेतून बाहेर पाहिलं. रांगेत आता आणखी माणसं आली होती. दार बंद करून घ्यावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण दारात नंदा उभी होती आणि ती काही हलायला तयार नव्हती. अण्णा केबिनमधून बाहेर निघाले. त्यांनी पीसीओवाल्याच्या टेबलाशी जाऊन त्याच्या कानात काही सांगितलं. पीसीओवाल्याने मान डोलावली, उठून भिंतीवरचा पंखा बंद केला आणि कोपऱ्यातला रेडिओही.

सुलभाताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. सूर द्यायला काहीच नव्हतं. त्यांनी एकदा घसा खाकरला, थोडं खाली चाचपलं, आणखी थोडं खाली, आणि जिथे आवाजाला बसायला जागा मिळाली तिथून सुरुवात केली.

शिप्रेच्या पाण्यात चांदणं न्हालं,
आमुच्या अंगणी पाहुणं आलं, जो जो रे जो…

रडं चालूच होतं. त्या गात राहिल्या. रांगेतला कापडाचा व्यापारी काही विचारायला पुढे आला आणि दारातल्या नंदाकडे पाहून मागे सरकला. पिशवीवाल्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. गाताना सुलभाताईंच्या लक्षात आलं, की आपण अंगाला थोडे झोके देतो आहोत, आणि केबिनची काच पाठीला लागते आहे.

दुसरं कडवं त्यांनी आणखी सावकाश घेतलं. दिवे लागले, वाट पाहून गाई बसल्या. कोणत्याही टेपवर इतकं सावकाश गाणं कोणी भरलं नसतं. शेवटचा जो जो त्यांनी तोंड मिटून नुसता घशात म्हटला.

मग त्या थांबल्या. पलीकडून काहीच येत नव्हतं. रडं नाही, बायकांचा गलका नाही, काही नाही.

"कट गया क्या?" पीसीओवाल्याने विचारलं. बापू फोनचा खटका दाबून पाहायला पुढे वाकले. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"हॅलो?" सुलभाताई म्हणाल्या. "हॅलो, जयू? आहेस का गं? हॅलो?"

थोडा वेळ नुसती तारेची खरखर ऐकू आली. मग फार जवळून, फार हळू, जयूचा श्वासासारखा आवाज आला.

"आई… हळू बोल."